विद्यार्थी मंडळ : सभासद होण्यापासून सूत्रे सोपवण्यापर्यंत

एडिंबरा येथील रॉयल मेडिकल सोसायटी ही वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांची संस्था १७३७ सालापासून चालत आली आहे आणि आजही तिचा कारभार विद्यार्थीच पाहतात. वैद्यकीय शिक्षण पाच-सहा वर्षांत संपते, म्हणजे तेवढ्या काळात या संस्थेतील जवळजवळ सगळी माणसे बदलून जातात, तरीही संस्था टिकून आहे. इतर संस्था एखाद्या निष्ठावंत कार्यकर्त्याच्या आधारावर तीस-चाळीस वर्षे चालू शकतात. विद्यार्थी मंडळाला ती सोय नाही, कारण त्याचा सर्वांत तळमळीचा कार्यकर्ताही पदवी हाती पडताच निघून जातो. त्यामुळे नाव नोंदवताना, नवे मंडळ काढताना किंवा हिशेबाची वही उघडताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा, असे माझे मत आहे : आज येथे असलेल्यांपैकी कोणीही उरलेले नसेल, तेव्हा हे काम कसे चालेल? पुढे जे सुचवले आहे ते बहुतांशी या प्रश्नाचेच उत्तर आहे.

सभासद होताना

वर्षाच्या आरंभी बहुतेक विद्यापीठांत सर्व मंडळे आपापली टेबले मांडून नव्या विद्यार्थ्यांना बोलावतात. त्या दिवशीच्या उत्साहात दहा-बारा ठिकाणी नाव नोंदवले जाते आणि महिन्याभरात त्यांपैकी एकाही ठिकाणी पाऊल पडत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. त्यापेक्षा त्या दिवशी फक्त माहिती घ्यावी, वर्गणी लगेच भरू नये आणि पुढील दोन-तीन आठवड्यांत मोजक्या मंडळांच्या नेहमीच्या बैठकींना जाऊन बसावे. नेहमीच्या बैठकीला जावे असे मुद्दाम सांगतो, कारण उद्घाटनाचा समारंभ कोणतेही मंडळ चांगलाच करते. मंडळाचा खरा स्वभाव सहाव्या आठवड्यातल्या साध्या बैठकीत दिसतो : ती ठरलेल्या वेळी सुरू झाली का, नव्या माणसाला कोणी नाव विचारले का, आणि बोलणारे तेच तीन जण होते की बाकीच्यांनाही बोलते केले गेले.

कार्यकर्त्यांना दोन गोष्टी निःसंकोच विचाराव्यात. मागील वर्षी कोणते कार्यक्रम प्रत्यक्षात झाले, आणि वर्गणीचा पैसा कशावर खर्च होतो. ज्या मंडळाला या दोन्हींची उत्तरे सहज देता येतात तेथे नोंदी ठेवल्या जातात, आणि नोंदी ठेवणारे मंडळ तुमच्या तीन-चार वर्षांच्या काळात अचानक कोसळण्याची शक्यता कमी असते.

दोन मंडळे निवडावीत, असे मी सुचवतो. एक आपल्या अभ्यासाशी किंवा आधीच्या आवडीशी जोडलेले असावे आणि दुसरे अगदी अनोळखी विषयाचे असावे. मोठे आणि नावाजलेले मंडळच चांगले, असे मात्र समजू नये. चार्ल्स डार्विन एडिंबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत असताना नोव्हेंबर १८२६ मध्ये तेथील प्लिनियन सोसायटी या निसर्गाभ्यासी विद्यार्थी मंडळाचा सभासद झाला, आणि मार्च १८२७ मध्ये, म्हणजे चारच महिन्यांनी, त्याने समुद्रकिनाऱ्यावरील सूक्ष्म जीवांविषयीची स्वतःची निरीक्षणे त्याच मंडळापुढे मांडली. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. मंडळ निवडताना मी हेच पाहीन : नव्या सभासदाला चार महिन्यांच्या आत काही तरी स्वतः करून दाखवण्याची संधी येथे मिळते का?

ती संधी बहुधा मागावी लागते. कार्यकर्ते कामात बुडालेले असतात आणि मदत कोणाकडे मागावी हे त्यांना सुचत नाही. अशा वेळी "मी काही करू का?" एवढ्यावर न थांबता "पुढच्या बैठकीची हजेरी मी घेतो" किंवा "पाहुण्यांना आणायला मी जातो" असे नेमके काम सांगून उचलावे. सत्राच्या मध्यावर किंवा दुसऱ्या वर्षी सामील होण्यातही काही कमीपणा नाही. चिटणिसाला भेटून तसे सांगितले की पुरे होते. साधा सभासद म्हणून आठवड्याचे दोन-तीन तास द्यावे लागतात, तर कार्यकारिणीत काम करताना कार्यक्रमाच्या आठवड्यात रोजचा वेळ जातो. हा हिशेब आपल्या परीक्षांचे वेळापत्रक समोर ठेवून आधीच करावा.

नवे मंडळ काढण्यापूर्वी

नवे मंडळ काढावेसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु पहिला शोध घ्यावा तो असा, की आपल्याला हवे ते काम एखाद्या जुन्या मंडळाच्या पोटात होऊ शकेल का. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९४६ साली रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्यांचा एक क्लब सुरू झाला. काही सभासदांना डबे, देखावे आणि जुन्या गाड्या यांत रस होता, तर काहींना त्या पटाच्या खालच्या तारा आणि स्विच यांत. दुसऱ्या गटाने वेगळा क्लब काढला नाही; त्यांची सिग्नल आणि वीजपुरवठा यांची स्वतंत्र समिती झाली, आणि त्याच वर्तुळातल्या काही विद्यार्थ्यांनी पुढे संगणकाच्या आरंभीच्या काळात महत्त्वाचे काम केले. पोटसमिती हा मार्ग मला अनेकदा नव्या मंडळापेक्षा बरा वाटतो, कारण खोली, खाते, मान्यता आणि जुने सभासद हे सारे आयते मिळते. उलट दिशेचा मार्गही आहे. केंब्रिज विद्यापीठातील वादसभा १८१५ साली स्थापन झाली ती तीन लहान वादमंडळे एकत्र येऊन, आणि तिच्या नावातील "युनियन" या शब्दात त्या एकत्रीकरणाची खूण राहिली आहे.

जुन्या मंडळात जागा नसेल, किंवा विषय खरोखरच वेगळा असेल, तर कागदपत्रांना हात लावण्यापूर्वी चार बैठका घेऊन पाहाव्यात. त्या एकाच वारी, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच जागी व्हाव्यात. पहिल्या बैठकीला तुमचे मित्र येतील आणि दुसरीला मित्रांचे मित्र येतील. त्या संख्येवर भरवसा ठेवू नये. चौथ्या बैठकीला, तुम्ही वैयक्तिक आमंत्रण न देता, जे आपण होऊन येतात तेच मंडळाचे खरे संस्थापक होत. असे सात-आठ जण असतील आणि त्यांतले निदान दोघे तुमच्यापेक्षा खालच्या वर्षाचे असतील, तर पुढे जायला हरकत नाही. सगळेच अखेरच्या वर्षाचे असतील, तर तुम्ही नऊ महिन्यांचे मंडळ काढत आहात हे लक्षात घ्यावे आणि आधी कनिष्ठ विद्यार्थी शोधावेत.

याच बैठकींतून मंडळाचा उद्देश एका वाक्यात लिहून काढावा. "विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास" यासारखा उद्देश कोणालाच कशापासून अडवत नाही, आणि म्हणून तो निरुपयोगी असतो. "रात्रीच्या आकाशाचे निरीक्षण करणे, त्यासाठीची साधने सभासदांना उपलब्ध करून देणे आणि ती वापरायला शिकवणे" हा उद्देश वाचून मंडळ काय करील आणि काय करणार नाही, हे दोन्ही कळते. पुढे कधी पैशांवरून किंवा कार्यक्रमांवरून वाद झाला, तर निवाडा याच वाक्याच्या आधारे करावा लागतो. नावही सरळ असावे. आजच्या मित्रांनाच कळेल असे गमतीचे नाव तीन वर्षांनी येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही.

घटना लिहिताना

मंडळाची घटना, म्हणजे लेखी नियमावली, हा मान्यतेसाठी जोडायचा एक कंटाळवाणा कागद आहे असे समजून ती दुसऱ्या मंडळाची उतरवून घेण्याची प्रथा सर्वत्र दिसते. नमुना समोर ठेवायला काहीच हरकत नाही, आणि पुष्कळ विद्यापीठे तो स्वतःच देतात. परंतु प्रत्येक कलम वाचून, ते आपल्या मंडळात प्रत्यक्ष कसे लागू होईल याची कल्पना करून मगच स्वीकारावे. जे घटनेत लिहिलेले नसते ते त्या वर्षीच्या कार्यकर्त्यांच्या मर्जीवर राहते, आणि ती माणसे गेली की त्याबरोबर समजुतीही जातात.

नाव, उद्देश, सभासदत्वाच्या अटी, वर्गणी, पदाधिकारी आणि त्यांची कामे, निवडणूक, सभा, पैशांचा व्यवहार, घटनादुरुस्ती आणि विसर्जन एवढ्या बाबी घटनेत यायलाच हव्यात. त्यांपैकी तीन ठिकाणी बहुतेक नवी मंडळे चुकतात, म्हणून त्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिले ठिकाण गणसंख्येचे. सभा वैध ठरण्यासाठी किमान किती सभासद हजर हवेत, हे ठरवताना नव्या कार्यकर्त्यांचा कल मोठा आकडा लिहिण्याकडे असतो, कारण तो लोकशाहीला धरून वाटतो. समजा, एक तृतीयांश सभासदांची अट घातली आणि वर्षारंभी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या १२० झाली, तर प्रत्येक सर्वसाधारण सभेला ४० जण लागतील; प्रत्यक्षात नेहमी येणारे २० असतील, तर कोणतीही सभा कधीच वैध होणार नाही आणि निवडणूकही घेता येणार नाही. यावर उपाय असा, की "एकूण सभासदांच्या एक पंचमांश किंवा १५, यांपैकी जी संख्या कमी असेल ती" अशी शब्दरचना करावी आणि गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा किती दिवसांनी, कोणत्या अटींवर पुन्हा भरवता येईल हेही लिहावे.

दुसरे ठिकाण म्हणजे पद मध्येच रिकामे होणे. विद्यार्थी आजारी पडतात, देवाणघेवाण योजनेतून दुसऱ्या विद्यापीठात जातात, अभ्यासामुळे राजीनामा देतात, आणि क्वचित एखादा पदाधिकारी काहीच न करता नुसता पदावर बसून राहतो. रिकामे पद कोणी, किती दिवसांत आणि किती काळासाठी भरायचे, तसेच पदाधिकाऱ्यावर अविश्वासाचा ठराव कसा आणायचा, याची कलमे शांत वातावरणात, कोणाचेही नाव डोळ्यांसमोर नसताना लिहून ठेवावीत. भांडण सुरू झाल्यावर लिहिलेला नियम कोणालाच न्याय्य वाटत नाही.

तिसरे ठिकाण सभासदत्वाचे. दार कोणासाठी उघडे आहे हे स्पष्ट शब्दांत लिहावे. वर उल्लेखिलेल्या केंब्रिजच्या वादसभेने स्त्रियांना सभासदत्व दिले ते १९६३ साली, स्थापनेनंतर १४८ वर्षांनी, आणि ऑक्सफर्डची १८२३ साली स्थापन झालेली वादसभाही त्याच वर्षी तेथवर पोहोचली. एवढी वर्षे इतके हुशार वक्ते ज्या सभागृहात रोज न्याय आणि स्वातंत्र्य यांवर बोलत होते, त्या सभागृहाच्या स्वतःच्या नियमांत हा बदल व्हायला इतका काळ लागावा, याचे मला मनापासून दुःख वाटते. नियमात नसलेली पण व्यवहारात असलेली बंदीही तितकीच खरी असते : जेथे चाकाची खुर्ची जाऊ शकत नाही अशी खोली, काम करून शिकणाऱ्याला कधीच जमणार नाही अशी वेळ, किंवा नव्या माणसाला न कळणाऱ्या जुन्या संदर्भांनी भरलेले बोलणे. घटना लिहितानाच या गोष्टींचा विचार करावा.

घटनादुरुस्तीसाठी उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांशांची अट आणि किमान १४ दिवसांची पूर्वसूचना हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालून जाते.

विद्यापीठाची मान्यता

मान्यतेमुळे खोली मिळते, विद्यापीठाचे नाव वापरता येते, अनुदानासाठी अर्ज करता येतो आणि अनेक ठिकाणी कार्यक्रमांना विम्याचे संरक्षण मिळते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी घटना, ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांच्या सह्या, पदाधिकाऱ्यांची नावे आणि बऱ्याचदा एका प्राध्यापकाची मार्गदर्शक म्हणून संमती मागितली जाते. अर्ज कोणाकडे करायचा हे विद्यापीठागणिक वेगळे असते. कोठे तो विद्यार्थी संघाकडे जातो, तर कोठे प्रशासनाच्या एखाद्या विभागाकडे. अर्ज स्वीकारणाऱ्या समितीच्या बैठका वर्षातून मोजक्याच असतात, म्हणून शेवटच्या तारखेची चौकशी एक सत्र आधी करावी.

मार्गदर्शक प्राध्यापक निवडताना नावलौकिकापेक्षा उपलब्धता पाहावी. मंडळात चेहरे बदलत असताना टिकून राहणारी ती बहुधा एकमेव व्यक्ती असते, आणि जुन्या नोंदींची एक प्रत तिच्याकडे ठेवणे हा फार मोठा आधार असतो. मात्र निर्णय विद्यार्थ्यांनीच घ्यावेत; मार्गदर्शकाने कार्यक्रम ठरवायला सुरुवात केली की सभासद हळूहळू पाहुण्यांसारखे वागू लागतात.

मान्यतेबरोबर अटीही येतात. केंब्रिजची वादसभा १८१७ साली विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी बंद करवली होती आणि १८२१ साली ती पुन्हा सुरू झाली ती चर्चेच्या विषयांवरची बंधने स्वीकारून. पाहुण्या वक्त्यांची पूर्वपरवानगी, सभेच्या जागेचे नियम, बाहेरच्या संस्थांशी संबंध या बाबतींत आजही प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची बंधने असतात. ती मान्य नसली तरी आधी वाचावीत, आणि बदल हवा असेल तर लेखी मागणी करावी. नियम माहीत नसल्यामुळे मोडणारे मंडळ आपली बाजू स्वतःच कमकुवत करते.

कार्यकारिणी आणि सभा

अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार ही तीन पदे पुरेशी आहेत. बाकीची पदे काम निर्माण झाल्यावर निर्माण करावीत. केवळ मित्रांना मान मिळावा म्हणून उपाध्यक्ष आणि सहचिटणीस नेमले, की कोणते काम कोणाचे हे कोणालाच ठाऊक राहत नाही.

या तिघांत चिटणिसाचे काम मी सर्वांत मोलाचे मानतो, जरी निवडणुकीत चुरस अध्यक्षपदासाठी होत असली तरी. सभेचे इतिवृत्त लिहिताना कोण काय म्हणाले याचा वृत्तांत नको असतो. कोणता निर्णय झाला, तो कोण अमलात आणणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे नेमके यावे. ते दोन दिवसांत सर्व सदस्यांकडे पोहोचावे आणि पुढील सभेच्या आरंभी वाचून कायम केले जावे. या तीन ओळींच्या शिस्तीमुळे "असे ठरलेच नव्हते" या वाक्यातून उद्भवणारे निम्मे वाद संपतात. इतिवृत्ते एकाच ठिकाणी, मंडळाच्या मालकीच्या सामायिक खात्यात ठेवावीत. चिटणिसाच्या स्वतःच्या फोनमधली टिपणे त्याच्याबरोबर विद्यापीठ सोडून जातात.

सभेची विषयपत्रिका आधी पाठवावी आणि प्रत्येक विषयापुढे चर्चा हवी आहे, निर्णय हवा आहे की केवळ माहिती द्यायची आहे, हे लिहावे. ठराव मांडणारा सूचक, त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक, मग चर्चा आणि मग मतदान, ही पद्धत विद्यार्थ्यांना जुनाट वाटते. पण अमेरिकी लष्करातील अभियंता हेन्री मार्टिन रॉबर्ट याला एक सभा चालवायला सांगितली गेली आणि त्याला ती आवरता आली नाही. त्या अनुभवातून त्याने सभाशास्त्राचा अभ्यास करून १८७६ साली सभेच्या कामकाजाचे जे नियम प्रसिद्ध केले, ते आजही असंख्य संस्था वापरतात. त्यांमागचा विचार साधा आहे : एका वेळी एकच विषय, आणि बहुमताला निर्णयाचा हक्क असला तरी अल्पमताला बोलण्याचा हक्क. पाच जणांच्या कार्यकारिणीत ही सगळी औपचारिकता नको. वार्षिक सर्वसाधारण सभेत, किंवा ज्या विषयावर मने दुखावली आहेत अशा विषयावर, ती अवश्य पाळावी.

पैसा

मंडळाचा पैसा एक दिवसही कोणाच्या वैयक्तिक खात्यात राहू नये. हे वाक्य कठोर वाटेल, पण ते अनुभवातून आले आहे. मी विद्यार्थी असताना ज्या मंडळाचा खजिनदार झालो, तेथे आधीच्या खजिनदाराने सोयीसाठी सहलीची रक्कम स्वतःच्या खात्यात जमा करून घेतली होती. तो प्रामाणिक होता, त्याने पै न पै योग्य ठिकाणी खर्च केली होती. परंतु पावत्या अपुऱ्या होत्या, आणि वर्षअखेरीच्या सभेत उठलेल्या प्रश्नांना त्याच्याजवळ त्याच्या शब्दाशिवाय दुसरे उत्तर नव्हते. तो त्यानंतर मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आला नाही. नियम हे अप्रामाणिक माणसाला पकडण्यासाठी असतात असा माझा तोवर समज होता. प्रामाणिक माणसाचे रक्षण हे त्यांचे त्याहून मोठे काम आहे, हे मला त्या सभेत कळले.

म्हणून खाते मंडळाच्या नावाने असावे, किंवा विद्यापीठाच्या व्यवस्थेतील मंडळाच्या शीर्षकाखाली असावे, आणि प्रत्येक खर्चाला दोन पदाधिकाऱ्यांची संमती लागावी. पावती नसेल तर खर्च मंजूर होत नाही, हे पहिल्याच सभेत सांगावे. आगाऊ रक्कम दिली तर ती कोणाला, कशासाठी आणि हिशेब कधी देणार याची सही घ्यावी. जमाखर्चाच्या नोंदी त्याच दिवशी कराव्यात, खात्याच्या उताऱ्याशी दर महिन्याला पडताळून पाहाव्यात आणि शिल्लक किती हे प्रत्येक सभेत मोठ्याने सांगावे.

कार्यक्रमाचे अंदाजपत्रक करताना स्थिर खर्च आणि माणशी खर्च वेगळे काढावेत. समजा, सभागृह आणि ध्वनिव्यवस्था यांचे ३,००० होतात, येणारे कितीही असोत. प्रत्येक प्रेक्षकामागे ५० खर्च येतो आणि तिकीट ११० आहे. तर प्रत्येक तिकिटामागे ६० उरतात, आणि ३,००० भरून यायला ५० तिकिटे विकली जावी लागतात. आता मागील वर्षीच्या कार्यक्रमाला ३५ जण आले होते असे नोंदीत दिसले, तर यंदा ५० येतील असे कोणत्या आधारावर मानायचे, हा प्रश्न कार्यकारिणीपुढे स्पष्टपणे येतो. उत्तर पटण्यासारखे नसेल तर सभागृह लहान घ्यावे, अनुदान आधी मिळवावे किंवा कार्यक्रमच बदलावा. आशेवर अंदाजपत्रक करू नये. शिवाय वर्षअखेरीस थोडी शिल्लक मुद्दाम ठेवावी, म्हणजे नव्या कार्यकारिणीला वर्गणी जमा होईपर्यंतचे पहिले दोन महिने काढता येतात.

वर्षभराचे काम

मोठे कार्यक्रम मंडळाचे नाव करतात, पण सभासद जोडले जातात ते नियमित आणि लहान कामाने. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरलेल्या वेळी होणारी एक गोष्ट असावी, जी पाचच जण आले तरी होते. तिच्या जोडीला सत्रात एक मोठा कार्यक्रम पुरे. एका सत्रात तीन मोठे कार्यक्रम करणारी कार्यकारिणी दुसऱ्या सत्रात थकलेली असते, हे मी वारंवार पाहिले आहे. प्रसिद्धीसाठी फार डोके शिणवू नये. वार, वेळ, जागा आणि नवख्याला येता येईल की नाही, एवढे प्रत्येक सूचनेत ठळकपणे असले की काम भागते. सभासदांचे दूरध्वनी क्रमांक आणि पत्ते मात्र मंडळाच्या कामापुरतेच वापरावेत, बाहेर कोणाला देऊ नयेत आणि सभासद गेल्यावर काढून टाकावेत.

सूत्रे सोपवताना

निवडणूक वर्ष संपण्यापूर्वी निदान सहा ते आठ आठवडे घ्यावी, परीक्षांच्या तोंडावर नव्हे. मधल्या काळात जुने आणि नवे पदाधिकारी जोडीने काम करतात आणि एक तरी कार्यक्रम नव्यांनी जुन्यांच्या देखत पार पाडावा. त्याहीआधी, वर्षाच्या मध्यापासूनच, खालच्या वर्षाच्या दोन-तीन सभासदांना लहान जबाबदाऱ्या देत राहावे. ज्याने एकदा सभागृहाची नोंदणी केली आहे किंवा एका महिन्याचा हिशेब लिहिला आहे, तो निवडणुकीला उभा राहायला बिचकत नाही.

प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या कामाची टिपणवही लिहून ठेवावी. तिच्यात पदाची कर्तव्ये पुन्हा उतरवून काढायची नसतात, ती घटनेत आहेतच. कोणता अर्ज कोणत्या महिन्यात करावा लागतो, सभागृहाची किल्ली कोणाकडून घ्यायची, कोणत्या वक्त्याने यायचे कबूल केले होते पण जमले नाही, कोणता कार्यक्रम फसला आणि का, हे त्यात यावे. फसलेल्या कार्यक्रमाचे पान सर्वांत उपयोगी असते आणि तेच लिहायला हात धजत नाही, म्हणून ते कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत लिहून टाकावे. हस्तांतरणाच्या दिवशी खात्यावरील सह्या बदलणे, सर्व परवलीचे शब्द नव्यांच्या ताब्यात देऊन ते लगेच बदलायला लावणे, सामानाची यादी प्रत्यक्ष वस्तू मोजून सही करणे आणि हिशेब एखाद्या त्रयस्थ सभासदाकडून तपासून घेणे ही कामे एकाच बैठकीत उरकावीत. जुन्या खजिनदाराने पहिला महिनाभर शंकांना उत्तरे द्यावीत आणि त्यानंतर बाजूला व्हावे.

कधी कधी सोपवायला कोणीच नसते. दोन वर्षे निवडणुकीला उमेदवार मिळत नसतील आणि नियमित बैठकीला तिघांपेक्षा जास्त जण येत नसतील, तर मंडळ कागदावर जिवंत ठेवण्यापेक्षा घटनेतील विसर्जनाच्या कलमाप्रमाणे सभा बोलवावी. देणी भागवून उरलेली रक्कम आणि साहित्य समान उद्देशाच्या दुसऱ्या मंडळाला किंवा कलमात म्हटले असेल त्याप्रमाणे द्यावे, आणि घटना, इतिवृत्ते, हिशेबाच्या वह्या व टिपणवह्या एका खोक्यात नीट बांधून, वर मंडळाचे नाव आणि पहिले व शेवटचे वर्ष लिहून, विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जमा कराव्यात. त्यांची पोच घ्यावी आणि तिची एक प्रत मार्गदर्शक प्राध्यापकांकडे ठेवावी, म्हणजे पाच-दहा वर्षांनी त्याच विषयाचे मंडळ काढू पाहणारा विद्यार्थी त्यांच्याकडे आला, तर खोके कोठे आहे हे त्याला सांगता येईल.